पेपरातली गावं : भंडारदऱ्याच्या काठावर तीन दिवस

पावसाळ्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, पेपर हातात घेतात तेव्हा आधी एकच बातमी शोधतात. घाटघर इतके मिलिमीटर, रतनवाडी इतके, पांजरे इतके, वाकी इतके, आणि शेवटी भंडारदऱ्यात आज किती पाणी. माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं, शेत पाटाच्या अगदी शेवटाला. आम्ही ‘टेलचे’. भंडारदरा पंधरा ऑगस्टच्या आत भरलं की आमच्याकडे उसाची काळजी मिटली असं धरतात. ११,०३९ दशलक्ष घनफूट ही धरणाची क्षमता मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती.

आणि तरी एकाहत्तर वर्षांच्या आप्पांनी ते धरण कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. गाई, ऊस, पाटाच्या पाण्याची पाळी, वारी यातून तिकडे जायचं राहूनच गेलं. माझा मुलगा दहा वर्षांचा, त्याला तंबूत झोपायचं होतं. मला आप्पांना त्यांचं पाणी दाखवायचं होतं. दोन्ही भंडारदऱ्याच्या काठावर जमण्यासारखं होतं. डिसेंबरातला अमावास्येच्या आसपासचा गुरुवार धरला, गाई चुलतभावाच्या हवाली केल्या आणि निघालो.

पहिला दिवस, गुरुवार

नवरा, मुलगा आणि मी, आम्ही तिघं पुण्याहून आदल्या रात्रीच माहेरी आलो होतो. सकाळी सातला गाडीत बसलो. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता, साधारण सव्वाशे किलोमीटर. नकाशात पाहिलं तर हा सगळा प्रवास प्रवरेच्या उलट दिशेने, म्हणजे आमच्या शेतातून नदीच्या उगमाकडे. लोणीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या बैलगाड्या. अकोल्यानंतर ऊस विरळ होत जातो, डोंगर जवळ येतात आणि राजूरच्या पुढे भाताची कापलेली खाचरं सुरू होतात. आप्पा खिडकीची काच खाली करून बसले होते. थंडी वाजतेय म्हटलं तरी वर करू देईनात.

अकोल्याला अगस्ती ऋषींच्या आश्रमात अर्धा तास थांबलो. प्रवरेच्या काठी आहे, शांत आहे, डबा खायला सावली आहे. राजूरला पेढे घेतले. राजूरचा पेढा या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, चव खमंग, गोडी बेताची. पेट्रोल आणि रोख पैसे इथेच बघून घ्या, पुढे भरवसा नाही. रंधा धबधबा वाटेतच लागतो, पण ज्यांनी पावसाळ्यातले फोटो पाहिलेत त्यांनी हिवाळ्यात फार आशा धरू नये. दरी मात्र बघण्यासारखी आहे.

शेंडी हे धरणाच्या पायथ्याचं गाव. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते. ती तिन्ही दिवस जपून ठेवा.

धरणाची भिंत पहिल्यांदा दिसली तेव्हा आप्पांनी गाडी थांबवायला सांगितली. काळ्या दगडाची भिंत, उंची २७० फूट. १९१० मध्ये काम सुरू झालं आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून नाव विल्सन डॅम, आणि मागच्या पाण्याचं नाव आर्थर लेक. २०२६ ही या धरणाची शंभरी. आमच्याकडे मात्र ही दोन्ही नावं कोणी घेत नाही. आमच्यासाठी ते ‘भंडारदरा’, आणि त्यातून पाटाला ठरावीक दिवसांनी सुटतं ते पाणी म्हणजे ‘आवर्तन’. आप्पांनी चपला काढल्या आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून भिंतीला हात जोडले. मुलानं विचारलं, “आजोबा, हे देऊळ आहे का?” आप्पा म्हणाले, “आपल्यासाठी हाय बाबा.”

आमचा मुक्काम मुरशेत गावाजवळ होता. पाण्याच्या काठावर खाचरांच्या टप्प्यांमध्ये दहा-बारा तंबू, एक पत्र्याची शेड, मागे दोन पक्के संडास. कॅम्प चालवणारा दादा तिशीचा, स्वयंपाक त्याची आई करते. तिला सगळे मावशी म्हणतात. आप्पांच्या गळ्यातली माळ बघून तिनं न विचारताच सांगितलं, “बाबांचं वेगळ्या तव्यावर करीन.”

संध्याकाळ फार सुंदर होती, आणि ती मला नीट सांगायची आहे. समोर पलीकडच्या काठावर रतनगड, त्याच्या शेजारी खुट्ट्याचा सुळका. पाठीमागे कळसूबाईची रांग. साडेपाचला वारा पडला आणि पाणी तव्यासारखं सपाट झालं. एक खंड्या आमच्या समोरच्या वठलेल्या फांदीवर बसून होता. तो पाण्यात झेपावला की वर्तुळं उठत आणि ती काठापर्यंत येऊन माझ्या पायाशी संपत. सूर्य डोंगराआड गेल्यावर आकाश आधी केशरी, मग जांभळट झालं आणि पाण्यातही तेच रंग उतरले. सगळा काठ गप्प होता. लांबून कुणाच्या तरी खळ्यावर भात झोडल्याचा आवाज तेवढा येत होता.

जेवायला नागलीची भाकरी, पिठलं, वालाची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि नव्या तांदळाचा भात. तांदूळ मावशींच्या शेतातला, काळभात. भुसा काळा आणि आतला दाणा पांढरा, सुगंध असा की झाकण काढल्यावर आप्पा हातातली भाकरी ठेवून ताटाकडे बघायला लागले. हा अकोले तालुका बियाणं जपणाऱ्यांचा. बीजमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, २०२० ची पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. मावशींनीही उतरंडीत पाच-सहा जातींचं बी राखेत घालून ठेवलंय. त्यांनी आम्हाला एकेक मडकं उघडून दाखवलं.

जेवणानंतर शेकोटी. लाकूड अभयारण्यातून तोडायचं नाही, वाळकं गोळा करायचं म्हणूनही रानात शिरायचं नाही. कॅम्पवाले घरच्या बांधावरचं देतात, ते पैसे देऊन घ्या.

त्याच रात्री, साडेतीन

थंडीनं जाग आली. तंबूच्या आतल्या बाजूला दव धरलं होतं आणि पांघरुणाचा कोपरा ओला झाला होता. चूक आमचीच, उबेसाठी सगळ्या चेनी गच्च लावून घेतल्या होत्या. श्वासाची वाफ बाहेर जायला तंबूची वरची जाळी थोडी उघडी ठेवावीच लागते. बाजूला पाहिलं तर आप्पांची जागा रिकामी.

काळजाचा ठोकाच चुकला. बॅटरी घेऊन बाहेर आले तर ते काठाच्या वर, खाचराच्या बांधावर घोंगडी पांघरून बसले होते. “रातीची पाळी असली की ह्या टायमाला दारं धरायला उठायची सवय,” म्हणाले, “झोप येईना.” चाळीस-पंचेचाळीस वर्षं रात्री-अपरात्री पिकाला पाणी द्यायला बॅटरी आणि खोरं घेऊन वाफ्यांची दारं धरलेला माणूस. पाटकऱ्यानं, म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणाऱ्यानं, सांगितलेली वेळ चुकली तर पुढचं आवर्तन येईपर्यंत ऊस तहानलेला.

मी शेजारी बसले. बॅटरी विझवल्यावर थोड्या वेळाने आकाश उघडलं. पुण्यात मी इतके तारे कधी पाहिलेले नाहीत. तिकांडं पश्चिमेला कललं होतं. आप्पा मृगाच्या तीन चांदण्यांना तिकांडंच म्हणतात, त्यावरून त्यांची रात्रीची वेळ ठरते. त्याच्या मागे व्याध लखलखत होता. ईशान्येला बाजलं, म्हणजे सप्तर्षी, चांगलं वर आलं होतं. आणि दक्षिणेला, पाण्यापलीकडच्या डोंगराच्या थोडासाच वर, एक मोठा तारा होता. आप्पांनी बोट केलं.

“अगस्ती.”

सकाळी ज्यांच्या आश्रमात डबा खाल्ला, ते. समुद्र प्यायलेले. तो तारा पाण्यातही दिसत होता, लांबट आणि थरथरणारा.

बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. मग आप्पा उठले, माझा हात धरून काठाशी आले, वाकले आणि ओंजळभर पाणी घेतलं. म्हणाले, “हितनं सुटल्यावर आपल्याला यायला आठ-धा दिवस लागत्यात. कधी त्याहून जास्त. तोवर किती जणांचं भिजवून येतं हे.” ओंजळ डोळ्यांना लावली आणि पाणी हळूच परत सोडलं. पाणी बर्फासारखं होतं. मला आत पाय घालवेना.

दुसरा दिवस, शुक्रवार

सहाला उठून बाहेर आलो तर पाणी दिसतच नव्हतं. सगळ्या जलाशयावर पांढरी वाफ होती आणि वर फक्त रतनगडाचा माथा. ऊन आलं तशी ती वाफ पाण्यावरून सरकत पलीकडच्या काठाकडे गेली. यासाठी तरी पहाटे उठाच. पोहे आणि चहा घेऊन साडेआठला गाडी काढली.

जलाशयाला फेरी घालणारा रस्ता आहे. आम्ही मुरशेतहून पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करून शेंडीवरून परत आलो. रस्ता काही ठिकाणी चांगला, काही ठिकाणी उखडलेला, अंतर कमी असलं तरी थांबत-थांबत पूर्ण दिवस धरा. फोनला रेंज मधूनमधून जाते.

पांजऱ्याची पाटी आली आणि आप्पा म्हणाले, “हे पांजरं!” एखाद्या पाहुण्याचं घर सापडावं तसे. त्यांच्या डोक्यात ही गावं म्हणजे पावसाचे आकडे होती. इथे अंगणात वाळत घातलेलं धान्य, पेंढ्याचे भारे, दारात बसलेल्या म्हाताऱ्या दिसत होत्या. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. एका आजोबांशी आप्पांनी रस्त्यातच गप्पा सुरू केल्या. “तुमच्याकडं ह्या साली पाऊस जबर होता, मी वाचलं होतं,” हे ऐकून त्या आजोबांना फार नवल वाटलं. कुणी तरी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बसून आपल्या गावचा पाऊस रोज वाचतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

घाटघरला कड्यापाशी उभं राहिलं की पायाखाली कोकण दिसतं. समोर अलंग, मदन, कुलंगचे कातळ. इथे घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, २५० मेगावॉटचा. माझ्या मुलाला हा भाग सगळ्यांत जास्त आवडला. वर घाटघरला एक तलाव, खाली चोंढ्याला दुसरा. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करायची. रात्री मागणी उतरली की शिल्लक विजेवर तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. आप्पांना हे पटेना. “पाणी वर चढवायला जास्त वीज लागत आसंल की.” लागतेच. पण गरजेच्या वेळी मिळालेल्या विजेचं मोल वेगळं. “म्हंजी आपल्या पाळीसारखंच,” आप्पा म्हणाले, “येळेवर मिळालं तर मोल.” नातू खूश.

साम्रदला सांधण दरीचं तोंड आहे. दोन उंच कातळभिंतींमधली अरुंद घळ, आत दगडांची रास. नवरा आणि मुलगा गावातल्या वाटाड्याबरोबर आत थोडं अंतर जाऊन आले. वाटेत पाणी साठलेलं लागतं, लहान मुलांना तिथपर्यंतच न्यावं असं माझं मत आहे. पावसाळ्यात या दरीत उतरू नये, पाण्याचा लोंढा आला तर वर चढायला जागा नाही. वाटाड्या गावातलाच घ्या. वाट तर कळतेच, पण गावाची मिळकतही होते.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात दुपार गेली. हेमाडपंती, काळ्या दगडाचं, शिलाहारांच्या काळातलं मानतात. शेजारी पुष्करणी. भिंतीवरच्या वेलबुट्टीवर तिरपं ऊन पडलं होतं. देवळाच्या मागे उभा रतनगड, १,२९७ मीटर, आणि त्याच गडाच्या परिसरात प्रवरेचा उगम. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. आप्पा सभामंडपात मांडी घालून बसले आणि नातवाला सांगायला लागले. ज्या पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी निरूपण केलं, तो नेवाशाला याच नदीच्या काठी आहे. पुढे टोक्याजवळ ही गोदावरीला मिळते. मधे कुठे तरी आपलं शेत. मुलानं बोटानं फरशीवर रेघ ओढली आणि त्यावर गावं मांडली. मी फोटो काढायला फोन उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

देवळाजवळच्या टपरीत चहा घ्या आणि झाडांकडे बघत बसा. या रानात शेकरू आहे. आम्हाला घरटं दिसलं, शेकरू काही दिसलं नाही.

संध्याकाळी कॅम्पवर परतलो तर शेजारच्या जागेत शनिवार-रविवारची मंडळी येऊन पोचली होती. मोठा स्पीकर, गाणी आणि पाण्याच्या काठावर गाडी. पलीकडच्या डोंगरावरून प्रत्येक गाण्याचा घुमारा परत येत होता. दादा दोनदा जाऊन हात जोडून आला. दहाच्या सुमारास आवाज बंद झाला. मला त्या गोंगाटाचं फार वाईट वाटलं. पलीकडे म्हाताऱ्या माणसांची घरं आहेत, बांधलेली गुरं आहेत, अभयारण्य आहे. आदल्या रात्री जे ऐकायला मिळालं होतं, टिटवी, पाण्याचा लपलप आवाज, लांबचं कुत्रं, ते या मंडळींना कधी कळणारच नाही. जमत असेल तर सुट्टी टाका आणि आठवड्याच्या मधे जा, एवढं माझं आर्जव आहे. कॅम्प निवडताना ‘स्पीकर लावता का’ हा प्रश्न आधी विचारा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याकडे जा.

शेकोटीपाशी दादानं एक गोष्ट सांगितली. आम्ही ज्या काठावर बसलो होतो, त्याच्या खाली, पाण्यात, त्याच्या पणजोबांची खाचरं आहेत. उन्हाळ्यात पाणी बरंच उतरलं की जुने बांध उघडे पडतात. मावशी म्हणाल्या, “चैत्र-वैशाखात विहीर आटती. मग हंडा घिऊन लांब खाली उतरावं लागतं, धरणापातुर. चढताना जीव जातो.” त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. भाकरी उलटताना सहज सांगितलं.

आप्पा एकदम गप्प झाले. माझ्याही घशाशी आलं. ज्या पाण्यावर आमचं घर उभं राहिलं, माझं शिक्षण झालं, लग्न झालं, ते पाणी या लोकांच्या शेतांवर साठलंय आणि हंडा त्यांच्याच डोक्यावर आहे. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. पेपरात पाऊस येतो, हंडा येत नाही.

आप्पा तंबूत गेले आणि पिशवी घेऊन आले. आमच्या शेजारच्या गुऱ्हाळातली गुळाची ढेप त्यांनी निघताना कापडात बांधून घेतली होती, कुणासाठी ते सांगितलं नव्हतं. ती त्यांनी मावशींच्या पुढे ठेवली. “तुमच्याच पाण्याचा हाय,” म्हणाले. मावशींनी ढेपीचा कोपरा फोडला, सगळ्यांना एकेक खडा दिला, मग स्वतः खाल्ला.

तिसरा दिवस, शनिवार

सकाळी मुलाला पाण्यात उतरायचं होतं. दादानं ठाम नकार दिला आणि मला तो पटला. काठ उथळ दिसतो, पण खाली खाचरांचे टप्पे आहेत, एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्या पावलावर डोक्याच्या वर. तळाला गाळ, पाय रुततो. पोहता येणारी माणसंही अशा पाण्यात फसतात. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट अंगावर घालूनच, मांडीवर ठेवून उपयोग नाही.

निघण्यापूर्वी आम्ही तिघांनी काठावरून एक फेरी मारली आणि हाती लागलेला कचरा उचलला. वेफर्सची पाकिटं, प्लॅस्टिकचे पेले, बाटलीच्या काचा. एक गोणी भरली. ती गाडीत घालून राजूरपर्यंत आणली. तुम्हीही एक रिकामी गोणी बरोबर न्या. हिवाळ्यात जाणार असाल तर कानटोपी, दोन जोड पायमोजे, जाड चादर, डोक्याला लावायची बॅटरी एवढं पुरेसं आहे. मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडाशी, इथे काजवे बघायला गर्दी होते. तेव्हा गेलात तर वनखात्यानं घालून दिलेल्या वेळा पाळा आणि झाडांवर उजेड मारू नका.

निरोप घेताना मावशींनी आप्पांच्या हातात एक गाठोडं दिलं. दोन शेर काळभात. “जेवताना आमची याद काढा, बाबा.” आप्पांनी तिला चैत्रात गावच्या जत्रेला यायचं आमंत्रण दिलं, पत्ता तिच्या मुलाच्या फोनमध्ये लिहायला लावला आणि तो बरोबर लिहिलाय का ते दोनदा वाचून घेतलं.

परतीच्या रस्त्यावर आप्पांनी धरणाच्या भिंतीपाशी पुन्हा गाडी थांबवली. या वेळी हात जोडले नाहीत. बराच वेळ फक्त बघत उभे होते.

पुण्याला येऊन तीन आठवडे झाले. परवा रात्री साडेदहाला आप्पांचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

“आवर्तन आलं बघ आत्ता आपल्यापातुर,” म्हणाले. “दारं धरतोय. त्या पोराला फोन लावून सांगशील का, पोचलं म्हणून?”

मी दादाला फोन लावला. त्यानं तो मावशींकडे दिला.